शाळा आणि शाया

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता आयटीतला माणूस आंघोळबिंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडत असेल तर दोनच शक्यता असतात. एक तर प्रॉडक्शन पडलंय, नाहीतर स्वारी मुलगी बघायला निघालीये. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली आणि प्रॉडक्शन सध्या दुसऱ्या टीमच्या गळ्यात आहे. त्यामुळे सोसायटीचा वॉचमन गेले वर्षभर माझ्याकडे जरा संशयानेच बघतो.

तर मंडळी, मी जातो पिंपरीतल्या एका शाळेत. दुसरीच्या वर्गावर. सुरुवात अगदी कॉर्पोरेट पद्धतीने झाली. हापिसात मेल आला, एक दिवस मुलांसोबत घालवा, टी-शर्ट मिळेल. टी-शर्ट मिळाला, फोटो काढले, समोसे खाल्ले, आणि निघताना वर्गाच्या बाई सहज म्हणाल्या, "फोटोवाले सर पुष्कळ येतात. तुम्ही परत याल का?" या प्रश्नाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून शनिवारचा एक तास माझा. बाईंनी विषय दिला, गप्पागोष्टी, भाषा, आपली माणसं, आपला देश. थोडक्यात मराठीच्या तासाला सांस्कृतिक विविधता शिकवायची. वय वर्षं सात.

मी काय केलं असेल? बरोबर. पीपीटी केली :) अठ्ठावीस स्लाइड्स. प्रत्येक राज्याचं एक जोडपं. पंजाबचा भांगडा, गुजरातचा गरबा, महाराष्ट्राची नऊवारी आणि फेटा. शाळेच्या भिंतीवर असाच एक तक्ता आधीपासून होता, त्यावर 'विविधतेत एकता' असं लिहिलेलं होतं, आणि त्यातली सगळी जोडपी एकाच कारखान्यात तयार झाल्यासारखी एकाच चेहऱ्याने हसत होती. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी आपण आपापल्या राज्याचा पोशाख घालून यायचं.

पुढच्या शनिवारी दरभंग्याचा एक पोरगा शाळेचाच गणवेश घालून हजर. "अरे, तुझा बिहारचा ड्रेस कुठाय?" त्याने शांतपणे सांगितलं, "पापा पैंट-शर्ट पहनते हैं." आता यावर काय बोलणार? त्याचे पापा चाकणला एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग पॅक करतात आणि पँट-शर्टच घालतात. माझेही बाबा पँट-शर्टच घालतात. फेटा मी स्वतः एकदाच घातलाय, लग्नात, आणि तोही भाड्याचा होता.

पीपीटी तिथेच संपली.

आता जरा पिंपरीबद्दल सांगतो, कारण पुण्याच्या नदीपलीकडच्या लोकांना पिंपरी म्हणजे कारखाने आणि ट्रॅफिक एवढंच माहीत असतं. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या माणसांची छावणी इथे पडली. लोक अजून त्या भागाला पिंपरी कॅम्पच म्हणतात. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, सरकारी पेनिसिलिनचा कारखाना, आणि त्याच्या कॉलनीत देशभरातली माणसं राहायला आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात टेल्को आणि बजाज आले, १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती १७ लाखांच्या वर गेली. ही वरची माणसं काही आभाळातून पडली नाहीत. बीड, लातूर, धाराशिव, जळगाव, धुळे, कलबुर्गी, बिहार, बुंदेलखंड... हातात बॅगा घेऊन आली. त्यांची मुलं माझ्यासमोर सतरंजीवर बसलेली असतात. वेगळी विविधता प्रोजेक्टरवर दाखवायची गरजच नव्हती. बत्तीस मुलं, आणि बाईंच्या हिशोबाने घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा सात. शिवाय मराठवाड्याची मराठी वेगळी मोजली तर आठ.

बाईंनी मला एक सल्ला दिला होता. म्हणाल्या, "सर, ड्रेस आणि नाच सोडा. ते वर्षातून एकदा होतं. बोलणं रोज होतं." मला तो तेव्हा नीटसा कळला नव्हता.

पहिला धडा मिळाला तो 'पाणी' या शब्दावर. फळ्यावर माठ काढला आणि विचारलं, हे आत काय आहे? दरभंगा म्हणाला "पानी". कुणी हसलं नाही. तो हिंदीवाला, त्याला माफ. मग लातूरकडची एक मुलगी म्हणाली "पानी", आणि अख्खा वर्ग खिदळला. "पानी नाय, पाणीऽऽ!" तोच शब्द, तोच न. एकाची ती भाषा आणि दुसरीची ती चूक. सात वर्षांच्या पोरांना हे कुणी शिकवलं? त्यांच्या बाईंनी तर नक्की नाही. आपणच शिकवतो. मराठी सिनेमात गावंढळ माणूस दाखवायचा असला की त्याच्या तोंडी आनि-पानी घालतात आणि आपण हसतो. या ण आणि न च्या मागे केवढी जात आणि केवढी गावकुसाबाहेरची वस्ती लपलेली असते, ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं, फक्त आपण ते व्याकरणाच्या नावाखाली खपवतो.

गंमत अशी की त्याच आठवड्यात वह्या घ्यायला कॅम्पातल्या एका दुकानात गेलो. गल्ल्यावर एक सिंधी आजोबा असतात, फाळणीच्या वेळी लहान मूल होते. त्यांना विचारलं, सिंधीत पाण्याला काय म्हणतात? म्हणाले, "पाणी." स्वच्छ, खणखणीत ण. सदाशिव पेठेने मान खाली घालावी असा.

असो. हे सगळं मी फार शहाणा असल्यासारखं लिहितोय, पण आता पुढचं सांगतो.

ऑगस्टमधली गोष्ट. मुलं एकेक करून आपला रस्ता सांगत होती. घरातून निघालो, दुकान लागलं, रेल्वेचा पूल लागला वगैरे. एक पोरगा उभा राहिला, एरवी मागे बसणारा, हळू आवाजाचा. म्हणाला, "मंग मी शायात येतो."

आणि मी, काही विचार न करता, अगदी प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात तसा, म्हणालो, "शाया नाही रे बाबा, शाळा! जीभ वर वळव. ळ, ळ, ळ!" आणि विनोद म्हणून जीभ बाहेर काढून दाखवली. वर्ग फुटला. सगळे ळ-ळ-ळ करायला लागले. तो खाली बसला. पुढचा तास त्याने तोंड उघडलं नाही. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही.

मला ते लगेच कळलं नाही. कळलं ते रात्री, भांडी लावताना. कारण माझी मोठी माय, म्हणजे माझी आजी, आजही शाळेला शायाच म्हणते.

माझं गाव अमळनेर तालुक्यात. घरात अहिराणी. आमच्याकडे ळ जवळजवळ नाहीच, त्याचा य होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, शाळेची शाया. मी पहिलीला गेलो तोपर्यंत ळ नावाची वस्तू जगात आहे हेच मला माहीत नव्हतं. तिसरीत असताना एका सरांनी मला पुढे बोलावून दहा वेळा 'शाळा' म्हणायला लावलं होतं. मारलं-बिरलं नाही. ते प्रेमळच होते, हसतहसतच म्हणायला लावलं. पोरं प्रत्येक वेळी हसत होती आणि सातव्या-आठव्या वेळी मला जमलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी घरी आलो, आणि मोठ्या मायने विचारलं, आज काय शिकवलं, तर मी तिला म्हणालो, "तुला नीट बोलता येत नाही."

हे वाक्य मी साधारण तीस वर्षं विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

त्यानंतर मी बदलत गेलो. दहावीपर्यंत घरी उत्तर प्रमाण मराठीत द्यायला लागलो, इंजिनिअरिंगला पुण्यात आल्यावर तर प्रश्नच मिटला. "तू जळगावकडचा? बोलण्यावरून वाटत नाही हं!" हे वाक्य मी आयुष्यभर शाबासकी म्हणून ऐकलं. आता मोठी मायसुद्धा माझ्याशी फोनवर जपून 'शुद्ध' बोलते. "जेवलास का? तब्येत बरी आहे ना?" एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं.

आणि त्याच माणसाने, म्हणजे मी, त्या पोराला जीभ काढून दाखवली. तीच हसतमुख पद्धत, तोच प्रेमळपणा. कॉपी-पेस्ट.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, शाळेत प्रमाण भाषा शिकवायचीच ना? शिकवायचीच. मी काही प्रमाण भाषेचा शत्रू नाही. १९६७ साली बालभारती सुरू झाली आणि सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत एकच पुस्तक गेलं, हे मोठंच काम आहे. त्या पुस्तकाच्या जोरावरच मी इथवर आलो. प्रश्न क्रमाचा आहे. सात वर्षांच्या पोराला नवा शब्द देताना आधी त्याचा जुना शब्द चुकीचा ठरवावा लागतो का? कारण तो शब्द एकटा नसतो. त्याच्यामागे ज्यांनी तो दिला ती माणसं उभी असतात. शाया चूक म्हटलं की आईही चूक झाली, आजीही चूक झाली. त्या वयात पोरं असा सरळ हिशोब करतात. मी केला होता.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी जालावर मराठी लिहिलंय त्यांना आठवत असेल, समोरच्याकडे योग्य फाँट नसला की आपल्या मजकुराऐवजी चौकोनी डबे दिसायचे. मजकूर अगदी बरोबर असायचा. डबे वाचणाऱ्याच्या मशीनमुळे दिसायचे. त्या पोराचं वाक्य बरोबर होतं, पूर्ण होतं, त्यात रस्ता होता, पूल होता. मला डबे दिसले. (जाता जाता, युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ०९३३. हे माहीत असणारा माणूस शाया विसरतो, याला काय म्हणावं!)

सोमवारी बाईंना फोन केला आणि जे घडलं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण "हं" म्हणाल्या. तो 'हं' मला चांगला लागला. मग म्हणाल्या, "मी चूक-बरोबर म्हणतच नाही. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द म्हणते. दोन्ही लिहायचे."

म्हणजे वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. एवढंच. कसली पीपीटी आणि कसला प्रोजेक्टर. बाईंनी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलं नव्हतं. त्या स्वतः मूळच्या सोलापूरच्या, तेलुगू घरातल्या. त्यांच्या लहानपणी कुणीतरी केलं असेल, किंवा कुणीच केलं नसेल.

मग मी त्या पोराच्या घरी गेलो. वडील भोसरीत प्रेस मशीनवर काम करतात, नेमके सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होते. गाव पारोळा तालुक्यातलं, म्हणजे माझ्या शेजारचंच. मी माझं गाव सांगितल्यावर त्यांनी तेच वाक्य म्हटलं, "सर, तुम्ही तिकडचे? वाटत नाही." यावेळी ती शाबासकी घशाखाली उतरली नाही.

मी माफी मागितली आणि घरचा शब्द, पुस्तकातला शब्द हे सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, रागावू नका. घरची भाषा घरी आहेच. ती शिकवायला शाळेत कशाला पाठवू? कंपनीत मी माले-तुले म्हटलं की आजही पोरं हसतात. पंधरा वर्षं झाली. तुम्हाला दोन्ही येतं, म्हणून तुम्हाला आता शाया म्हणावंसं वाटतं. याला अजून शाळा म्हणता येत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. मी एवढंच म्हणालो, की शाळा शिकवणारच, पण शाया मोडून नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. बसची वेळ झाली होती. "पाठवतो," म्हणाले, "पण शुद्ध आलं पाहिजे."

पोरगा दाराआडून ऐकत होता. मी त्याला म्हटलं, मीपण लहानपणी शायाच म्हणायचो. तो म्हणाला, "मंग बोला." आता आली का पंचाईत! मी धीर करून म्हटलं, "तू कुठे जाई ऱ्हायना?" त्याने माझ्याकडे अशा दयेने बघितलं की विचारू नका. "कुठे नई सर. कथा!"

कथा. कथा जाई ऱ्हायना. बरोबर. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी अहिराणी सुधारली. आणि चूक दाखवल्यावर कसं वाटतं तेही समजलं. बरं वाटलं, कारण तो हसला नाही, नुसता शब्द दिला.

तो परत आला. अगदी पुढच्याच शनिवारी नाही, दिवाळीच्या सुट्टीच्या जरा आधी.

त्यानंतरचे तास मात्र धमाल होते. एकदा फळांचा दिवस होता. मी केळं घेऊन गेलो. पुस्तकात केळं. हिंदीवाले केला. आमचा पारोळेकर म्हणाला केयं. मग कलबुर्गीकडची एक मुलगी, वडील गवंडी, वर्गात आल्यापासून तिने होय-नाही पलीकडे एक शब्द काढला नव्हता. बाईंनासुद्धा वाटायला लागलं होतं की तिला ऐकू येतं की नाही ते तपासून घ्यावं. ती हळूच म्हणाली, "बाळेहण्णु."

"काय?" "बाळेहण्णु." वर्ग थक्क. तिचा ळ असा सुंदर लागला होता की मी तक्त्याकडे बघितलं. तक्त्यावर ळ कशाचा, तर बाळाचा, आणि हिच्या केळ्यात बाळ आधीच बसलेलं! कन्नडमध्ये ळ मुबलक आहे, गावालासुद्धा हळ्ळी म्हणतात. ज्या अक्षरावर दरभंगा अडखळतो, पारोळा अडखळतो, ते हिच्याकडे जन्मापासून आहे. बाईंनी तिला तिथल्या तिथे ळ ची मॉनिटर करून टाकलं. आता ज्याला ळ जमत नाही त्याने तिच्याकडे जायचं. ती जीभ बाहेर काढून दाखवत नाही. ती नुसतं म्हणते, आणि मग वाट बघते. आमच्या पारोळेकराचा ळ तिने तयार केला, मी नाही.

तिच्याकडून अजून एक कळलं. तिने मोठ्या बहिणीला अक्का म्हटलं आणि आजीला अज्जी. वर्गातल्या बीडच्या पोराने तिला विचारलं, "तू मराठी बोलतेस का कानडी?" कारण त्याच्याही घरात अक्का आहे. मराठीतले अक्का-अण्णा कन्नडकडून आलेत असं अभ्यासक सांगतात, पण सात वर्षांच्या पोराला ते सांगायची गरज नव्हती. त्याला एवढं पुरलं की तिच्या घरात आणि आपल्या घरात एकाच हाकेला दोघी 'ओ' देतात.

मग एका शनिवारी दुकानातले सिंधी आजोबा आले. खरं तर वह्या पोचवायला आले होते, बाईंनी बसवून घेतलं. त्यांनी आकडे शिकवले. एकाला हिकु, तीनला टे, पाचला पंज. आणि दोनला ॿ. हे ब च्या खाली रेघ दिलेलं अक्षर आहे, त्याचा उच्चार श्वास आत ओढून करायचा. सिंधीत असे चार आवाज आहेत. बकरीचा ब पण तसाच. मी वर्गासमोर पाच-सहा वेळा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी साधा ब. पोरांना तिसऱ्या झटक्यात जमला! अख्खा वर्ग बेडकासारखा ब-ब करतोय आणि आजोबा डोळे पुसतायत. हसून की कशाने, मी विचारलं नाही. जाताना म्हणाले, "माझी नातवंडं समजतात सगळं. बोलत नाहीत. हिंदीत उत्तर देतात." मला घाम फुटला. हे तर माझं आणि मोठ्या मायचं चाललंय.

तुम्हाला वाटेल फारच गोड चाललंय. तसंही नाही. गोरमाटी घरातल्या एका मुलाने घरचा शब्द सांगायला साफ नकार दिला. "आमच्या घरी मराठीच बोलतात," म्हणाला. त्याच्या आईला बाईंनी शाळेच्या दारात त्याच्याशी गोरमाटीत बोलताना ऐकलंय. आम्ही काही बोललो नाही. त्याची डावी बाजू कोरी आहे. सात वर्षांच्या मुलाला घरची गोष्ट लपवून ठेवायचाही हक्क असावा, आणि तो का लपवतोय हे मला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं.

२०२५ मध्ये आपल्याकडे पहिलीपासून हिंदी यावरून केवढं रण माजलं ते आठवत असेलच. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही मागे. हापिसातही जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले होते. माझं मत विचाराल तर सहा-सात वर्षांच्या पोरांवर तिसऱ्या भाषेचं पुस्तक लादणं मला पटत नाही. पण त्या सगळ्या वादात एक गोष्ट मला खटकत राहिली. सगळे विचारत होते, वर्गात कुठली भाषा आणायची? वर्गात आधीच किती येऊन बसल्यात, हे कुणी विचारत नव्हतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. फार छान. आमच्या वर्गात मग बाईंनी सात तोंडांनी बोलायचं का? ते होणार नाही. डावी-उजवी बाजू मात्र कुठल्याही बाईंना करता येईल, आणि एका वहीपलीकडे खर्च शून्य.

अहिराणीचंच घ्या. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, बोलणारे १८ लाखांच्या वर. शाळेत मात्र ती मराठीची चूक म्हणून गणली जाते. आणि दुसरीकडे बहिणाबाई! जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता न येणारी बाई. १९५१ ला गेल्या आणि १९५२ ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली. त्यांची बोली लेवा गणबोली. आमच्या अहिराणीहून ती वेगळी, पण ळ चा य तिथेही आहे. पाठ्यपुस्तकात त्यांची कविता आली की आम्ही 'डोया' हा शब्द मोठ्या भक्तिभावाने पाठ करायचो. त्याच वर्गात, त्याच बाकावर, निबंधात डोया लिहिलं की लाल रेघ. त्या वयात मला हा बग दिसला नाही. दिसायला हवा होता, आज मला बग शोधायचेच पैसे मिळतात.

आमच्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते, हे आम्हाला शाळेत शंभर वेळा सांगितलं गेलं. ते तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकू लागले आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणलं, हे मला पार मोठेपणी कळलं. तुरुंगात बसून शेजारच्या कोठडीतल्याची भाषा शिकणारा माणूस! आंतरभारती त्यांना तिथून सुचली की आणखी कुठून, देव जाणे. पण आमच्या गावच्या शाळेत त्यांच्या फोटोखालीच मी दहा वेळा शाळा, शाळा म्हटलं होतं, एवढं मला आता आठवतं.

गेल्या रविवारी मोठ्या मायला फोन केला. नेहमीसारखं तिने जपून विचारलं, "जेवलास का?"

मी म्हटलं, "व्हय. जेवन व्हई गयं."

पलीकडे शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला, "काय रे, तुले बरं नही का?"

बरं आहे म्हणून पटवायला दहा मिनिटं गेली. तिला वाटलं नोकरी गेली असणार. मग मी वर्गाचं सांगितलं, डावी बाजू, उजवी बाजू. पारोळ्याच्या पोराचं सांगितलं, जीभ काढून दाखवल्याचं पण सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही. तिसरीतलं ते वाक्य मी काढलं नाही. तिला आठवतं की नाही मला माहीत नाही, आणि फोनवर विचारायची ती गोष्ट नव्हे. दिवाळीला जाणार आहे.

मग तिने विचारलं, येत्या शनिवारी काय शिकवशील? म्हटलं, भाज्या. वांग्यापासून सुरुवात. तेलुगूत वंकाय, कन्नडमध्ये बदनेकायी, हिंदीत बैंगन. सिंधी आजोबांना आधीच विचारून ठेवलंय, ते वाङणु म्हणतात. मी तिला विचारलं, आपल्याकडे काय लिहू?

तर ती म्हणाली, वांगं काय शब्दाने समजतं का, भरीत करून ने. आणि ते पिंपरीच्या मंडईत मिळतं त्याचं करू नको, त्याला आपल्याकडे वांगं म्हणत नाहीत. ती इथून कुणी येत असेल तर पाठवते म्हणाली, दोन किलो.